आणे पठारावरची वीतभर रेल्वे

लेथ चालू राहिला की खाली लोखंडाचा कीस साचतो. कितीही झाडा, थोडा चपलेला चिकटून घरी येतोच. आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं अगदी तसंच. रविवारी इंजिनाच्या कामाला जावं, काम राहतं अर्धवट आणि घरी येताना किस्सा मात्र पूर्ण!

शेड म्हणजे नानाभाऊंची आणे पठारावरची कांद्याची चाळ. अर्ध्या चाळीत कांदा, अर्ध्या चाळीत रेल्वे. नानाभाऊ पक्के शेतकरी, पण डोंगरातल्या नॅरोगेज गाड्यांचं भयंकर वेड. कुणाची जुनी, मोडकी मॉडेल्स आणून दुरुस्त करायची, नवी बांधायची. दोन रुळांमध्ये अंतर वीतभर, इंजिन गुडघ्याएवढं. पण वाफ खरी, कोळसा खरा आणि मागच्या डब्यांवर मोठी माणसं बसून जातात! मंचरचे दत्तोबा लेथवर चाकं आणि पिस्टन करतात, डिंभ्याचे गेनूभाऊ सुतार डबे बांधतात. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. माझ्याकडे रंगकाम.

*

मी यात आले कशी? मिस्टर गेल्यावर मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. नानाभाऊंची मुलगी माझी विद्यार्थिनी, तेवढीच ओळख. एक दिवस नानाभाऊ दारात.

"बाई, इंजिन हिरवं करू का काळं?"

मी म्हटलं, "न बघता कसं सांगू? आणि आणे पठारापर्यंत यायला मला काही जमणार नाही."

"तुमी न्हाईच म्हननार, ठावं व्हतं मला!" असं म्हणत त्यांनी बाहेर बोट दाखवलं. पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांना टेकवून इंजिनच उभं केलेलं!

कित्येक महिन्यांनी मी मोठ्यानं हसले. आणि हिरवं म्हणाले.

*

त्या हिरव्या इंजिनात पहिल्यांदा वाफ भरली तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून उभे. दत्तोबा वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवून, नानाभाऊंचा हात शिट्टीच्या साखळीवर. ओढली! अशी खणखणीत शिट्टी झाली की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या.

नानाभाऊंचे डोळे भरून आले. तेवढ्यात न्हाणीतून नानाभाऊंच्या बायकोचा, कमलवहिनींचा आवाज, "अवं, किती शिट्ट्या झाल्या? गॅस बंद करा की कुनीतरी!"

*

गेनूभाऊ डिंभ्याहून डबे एसटीनं पाठवतात. एसटी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही, पण डबा नक्की येतो. कंडक्टर ओळखीचा. डब्याला ओरखडा नको म्हणून तो बिचारा स्वतःच्या सीटवर डबा ठेवतो आणि स्वतः उभा राहतो. त्याचे उपकार कसे फेडायचे, देव जाणे.

एकदा मंचरला मी डबा उतरवून घ्यायला गेले. बघते तर आत ओले मासे! धरणावरच्या एका मावशींची पाटी गर्दीत फुटली, म्हणून कंडक्टरनं मासे आमच्या डब्यात भरलेले.

"अहो भाऊ, हे काय?"

"बाई, मालगाडीचा डबा हाय ना?"

"हो."

"मंग माल भरला!"

*

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची प्रणाली अधूनमधून येते. रुळांचे नकाशे ती कॉम्प्युटरवर काढून देते, तेही हौसेनं. चाळीमागचं वळण बघून ती म्हणाली, "काका, हे फार आवळलंय. वेग कमी ठेवा." नानाभाऊ रंगात आलेले. गाडी वळणावर आली आणि इंजिन, डबे, नानाभाऊ सगळे कांद्याच्या ढिगात!

अंगावरची टरफलं झटकत नानाभाऊ म्हणाले, "पोरी, जरा मोठ्यानं सांगायचं व्हतं!"

"मोठ्यानंच सांगत होते काका. तुम्ही शिट्टी वाजवत होतात!"

*

आमच्याकडे बिबट्या म्हणजे शेजारीच. प्लॅटफॉर्मला आदल्या संध्याकाळी सिमेंट केलं होतं. सकाळी बघतो तर ओल्या सिमेंटवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंजाचे ठसे, आणि कडेला बसल्याची खूण. दत्तोबा थापी घेऊन बुजवायला निघाले. नानाभाऊंनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या राव. गाडीची वाट बघून गेलाय!"

*

नानाभाऊंचे वडील अण्णा. पडून कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी टेकत जेमतेम अंगणापर्यंत. तरुणपणी स्वतः खणलेली विहीर रानाच्या पार टोकाला. तिथवर गाडीवाट नाही, नुसते दगड. ती एकदा बघायची एवढंच त्यांचं मागणं. नानाभाऊ म्हणाले, "खांद्यावर नेतो." अण्णा भडकले.

"उचलायचं त्ये एकदाच. तवा उचला!"

हळूहळू त्यांचं जेवणही कमी झालं. नानाभाऊंच्या डोक्यात रात्रंदिवस तेच. मग ठरलं, रूळ विहिरीपर्यंत न्यायचे. उन्हाळाभर दत्तोबा दुकान लवकर बंद करून वेल्डिंगला येत. गेनूभाऊंनी पाठ टेकायला फळी असलेला बुटका डबा केला. प्रणाली मैत्रिणींना घेऊन आली आणि त्यांनी दगड वेचले. अण्णा अंगणातून रोज विचारत, "कुठवर आलं?"

ज्या सकाळी गाडी निघाली, अण्णा धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत स्वतः चालत डब्यापर्यंत आले. बसले. नानाभाऊंनी इतक्या हळू गाडी हाकली की आम्ही सगळे शेजारून चालत होतो.

विहिरीपाशी गाडी थांबली. अण्णा पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. समोरच्या बांधावर शेजारचे किसनबापू फावडं घेऊन उभे. त्याच बांधावरून ते आणि अण्णा कोर्टात गेलेले. नानाभाऊंचं लग्न झालं तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही.

नानाभाऊंनी घाबरून गाडी मागे घ्यायला हात घातला. अण्णांनी काठी आडवी धरली.

"किसन," ते म्हणाले, "मागं जागा हाय."

इंजिन वाफ सोडत होतं.

किसनबापूंनी फावडं खाली ठेवलं. चपला काढल्या, हातात घेतल्या आणि डब्यात पाय ठेवला.