कारवीच्या काठ्या

आमचा साहेब चिखलात कधी उतरला नाही. बूट खराब होतात ना! कुंभिवलीजवळ एका बियाणं कंपनीचं चाचणीचं शेत होतं. तिथं मी भाताच्या नोंदी वहीत लिहायचो आणि हा बांधावर उभा राहून तज्ज्ञाचा पगार घ्यायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कंपनीला एक नवी जात बाजारात आणायची होती. लोंबी अशी भरघोस की जीव हरखावा, पण दांडा कवळा. वारा आला की भात लोळायचा. मी वहीत तसंच लिहिलं, 'लोळतो'. साहेबानं वाचलं आणि खोडरबर माझ्यापुढं सरकवलं.

"तुम्हाला पेन्सिल कशाला दिलीय?"

खोडलं मी. साहेबाला नावं ठेवतोय खरा, पण खोडलं मीच.

मग मुंबईहून थोरले साहेब पाहणीला येणार म्हणून वाडीवरच्या बायांकडून कारवीच्या मोळ्या मागवल्या. भाताच्या चुडाचुडाला, म्हणजे रोपांच्या प्रत्येक झुबक्याला, आधाराची काठी, वर हिरवी सुतळी. एक बाई म्हणाली, "भाताला घरासारखा कूड घालता का काय?" बाया पोट धरून हसल्या. आमचे तज्ज्ञ मात्र सुतळीचा रंग पानाला जुळतो का, ते बघत होते! थोरले साहेब आले, बांधावरूनच बघून, चहा पिऊन गेले. बूट त्यांनाही होतेच. अहवालात आलं, 'न लोळणारी जात'. खाली सही नोंदी घेणाऱ्याची, म्हणजे माझी. तेवढ्यापुरती साहेबाला अक्कल होती.

तो अहवाल छापून गावोगाव वाटला. माझी थोरली बहीण कोंडाणे गावात दिलेली. तिच्याकडं आमच्या आईचं गावठी बियाणं होतं, दरवर्षी निवडून राखलेलं. पीक बेताचं, पण वाऱ्यापावसात उभं राहायचं. तिनं मला विचारलं, "तुजी सही हाय म्हनं. लोळत नाय ना रं?"

"नाय गं," मी म्हणालो. नोकरीची भीती, दुसरं काय!

माझ्या शब्दावर तिनं नवं बियाणं पेरलं. शेजारच्या घरांनाही तिनंच सांगितलं. जुनं बियाणं सगळ्यांनी कांडून खाल्लं.

दसऱ्याच्या सुमारास दोन दिवस वारापाऊस झाला. मी गेलो तर सगळा भात पाण्यात आडवा, लोंब्यांना मोड आलेले. बांधावर उभा राहून मी तिला काठ्यांचं सगळं सांगितलं. ती माझ्या पायांकडं बघत राहिली. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"खाली उतर," ती म्हणाली. "गेल्या सालचं सांडलेलं गावठीचं एखादं चूड उभं असंल, त्ये हुडक. आईचं बी बुडालं रं."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं चिखलात हुडकत होतो. ओंजळही भरली नाही.