बशीनं गोलघुमट

रताळ्याचा येल उपटला की एकाला धरून धा वर येत्यात. आमच्या बेळगुंदीच्या कट्ट्यावरच्या गोष्टींचंबी तसंच. देवळाम्होरच्या कट्ट्याव कुणी नुसतं "इजापूर" म्हणू दे, येल उपटलाच समजा. मग सगळं मलाच सांगावं लागतंय, कारण दुसऱ्यानं सांगितलं की मी चिडतो. आणि मी चिडलो की काय हुतंय ते कट्ट्याला ठावं हाय.

*

सुरवात परशानं केली. आमच्यात चारचाकी एकट्या परशाकडं. पांढरी, म्होरं लिंबू-मिरची बांधलेली.

माझी थोरली भैन, आक्का, तिला गोलघुमट बगायचा हुता. तिथं एक हाक मारली की सातदा माघारी येती, हे तिनं लगनाआधी ऐकलेलं. दाजी जन्मभर म्हणत राह्यले, "गाडी घेऊया, मग जाऊया." गाडी काय आली न्हाय. दाजी गेले. आता आक्काचे गुडघे जायला लागले. एक दिस मला म्हणाली, "म्हादू, पाय हायत तवर ने रं."

मी परशाला गाडी इचारली.

"सीटकव्हर नवीन हायत रं," तो म्हणाला. "आणि गाडीबिगर तुमी इजापूर बगणार? लोंढ्याच्या ठेसनाम्होरं गेलायसा काय कधी?"

माझं टकुरं फिरलं. "लोंढा हिकडं, इजापूर तिकडं. गाडी हाय, वाट ठावं न्हाय तुला. येत्या वाराला आक्का गोलघुमटाव चडणार. बशीनं. न्हाय चडली तर ह्या कट्ट्याव परत बसणार न्हाय मी."

तोंडातनं गेलं ते गेलं.

*

वार म्हंजे गावानं देवीच्या नावानं पाळायचा दिवस. त्या दिवशी शेतात कुणी पाय ठेवायचा न्हाय. आमाला सुट्टी ती तेवढीच. पण म्हाताऱ्यांनी खुसपट काढलं, वाराला परगावी गेलेलं चालतंय का?

गावातल्या थोरल्या आप्पांकडं गेलो. आप्पांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"वाराला काम करायचं न्हाय, एवढाच नेम हाय," आप्पा म्हणाले. "म्हादू चाललाय म्हंजे काम हुयाची भीती न्हाय. जाऊ दे त्येला."

*

कट्ट्यावरचा नारू अण्णा आमच्यासंगं येणार हुता, कारण त्येच्याकडं मोठा फोन. त्येनं नकाशा काढला, चष्मा चडवला आणि म्हणाला, "जायालाच दोन दिस लागत्यात."

आक्कानं जाऊन-येऊन पुरतील एवढ्या भाकऱ्या थापल्या. चवड बगून नारू अण्णाच्या सुनंला शंका आली. तिनं फोन घेतला.

"मामा, तुमी चालत जायाची वाट काढलाय."

नारू अण्णा फोन खिशात घालत म्हणाला, "गाडी न्हाय म्हणूनच सांगितलंतं न्हवं मी फोनला?"

आक्का म्हणाली, "असू दे. भाकरी वाया जाती व्हय कुठं?"

*

बेळगावच्या स्टँडाव ही गर्दी. आमच्यात नेम असा, खिडकीतनं टावेल टाकला की सीट आपली. मी खडेबाजारातनं घेतलेला नवा टावेल नेम धरून टाकला. माणसं ढकलत दारापातुर गेलो, तवर बस निघाली. बोर्ड कानडीत, आमाला कुठं वाचाय येतंय. मी बोंबलत मागं पळालो.

"ती धारवाडची," हमाल म्हणाला.

मी दात-ओठ खात माघारी आलो. नारू अण्णानं माझ्या खांद्याव हात ठेवला. "म्हादू, टावेल धारवाडला जाऊ दे. आपुन इजापूरला जाऊया."

*

इजापुरात उतरलो तर रिक्षावाले आडवे, टांगेवाले आडवे. मी एकाएकाशी भांडाय लागलो. मराठीत. ते कानडीत भांडत हुते. दोन्हीकडनं बेस चाललंतं.

आक्का कवा सरकली कळलंच न्हाय. बगतोय तर ती एका म्हाताऱ्या टांगेवाल्याजवळ, भाकरी-चटणीचं गठुडं सोडलेलं, आणि दोघं आक्काच्या बाजारात शिकलेल्या मोडक्या कानडीत सुखदुख बोलायलेत. भाकरी खाऊन त्यो म्हणाला, दिसभर टांगा तुमचा.

वाटंत त्येनं आक्काला मालकांचं नाव इचारलं. आक्कानं माझ्याकडं बोट केलं. मी म्हणालो, "रामलिंग." आक्कानं दाजींचं नाव जन्मात कधी घेतलं न्हाय. उखाण्यातबी न्हाय. बँकेत सायबानं इचारलं तरी बोट माझ्याकडंच. घरात नुसतं "अवो". आणि दाजी त्या "अवो"ला कधी पयल्या हाकंला ओ देत न्हवते.

*

गोलघुमटाच्या दारात कोण असावं? परशा. आमाला हिणवायला मुद्दाम गाडी घेऊन आलेला, आमच्या आधी पोचलेला. गाडी झाडाखाली, आणि परशा गाडीला टेकून.

"आत बगून आलास व्हय?" मी इचारलं.

"कसा जाऊ? पोरं हात लावाय लागल्यात. वरखाडा उठला म्हंजे?"

"मग काय बगितलास?"

परशानं बाहीनं गाडीचा आरसा पुसला. "भाईरनं दिसतोय की."

*

जिना अरुंद, अंधारा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. आक्का दर वळणाला बसायची. निम्म्यात म्हणाली, "तुमी जावा म्होरं. माझ्या वाटणीचं तूच बगून ये, म्हादू."

माझं डोस्कं तापलं. कट्ट्याचं गेलं खड्ड्यात. "आज जाऊ, उद्या जाऊ, असंच करून जलम गेला तुमचा. उठ आक्का."

तिनं माझ्याकडं बगितलं. पदर खोचला. उठली.

वर पोचलो तर कालिजची पोरं शिट्ट्या मारायलेली, कान फुटायची पाळी. मी वरडलो, "गप बसा रं!" ते घुमटानं सातदा सांगितलं. सगळी चिडीचूप. माझ्या रागाचा कुणाला तरी उपेग झाला तो तेवढाच.

आक्कानं कठड्याला हात लावला. घसा खाकरला, तर खाकरणंबी फिरून माघारी आलं. मग तिनं हाक दिली.

"रामलिंगऽऽ! बशीनं आलो बगाऽऽ!"

नारू अण्णानं टोपी काढून हातात घेतली. घुमट नाव घेत राह्यला, घेत राह्यला. पार इरून गेल्यावबी आक्का कान देऊन उभीच.

मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "चला आता. त्या परशाला भाकरी देऊया. गाडी राखून दमला असंल."