बातमीबाई

बातमीबाई ऐकायच्या तेव्हा हातातला खडू खाली ठेवायच्या. पहिलीच्या वर्गात पस्तीस मुलं एकदम बोलत असतात. आम्ही बाकीचे शिक्षक एका कानाने ऐकतो, एका हाताने वह्या तपासतो आणि तोंडाने "हो का, वा!" म्हणतो. बाई मात्र गुडघे दुखत असूनही त्या बुटक्या बाकावर मुलाशेजारी बसत आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठत नसत. "सहा वर्षांचं माणूस खोटं बोललं तरी मन लावून बोलतं," त्या म्हणत. "आपण निदान मन लावून ऐकावं."

कर्वेनगरातल्या आमच्या मराठी शाळेत त्यांच्या वर्गाचा दिवस बातमीने सुरू व्हायचा. रोज एका मुलाने घरची बातमी सांगायची, बाईंनी ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची आणि तोच त्या दिवसाचा धडा. 'आमचा नळ गळतो' या बातमीवर अख्खा वर्ग ळ शिकला. बातमीबाई हे नाव मुलांनीच ठेवलेलं.

एकदा तपासणीला आलेले साहेब फळ्यासमोर थबकले. फळ्यावर होतं, 'काल बाबांनी पोळी करपवली.' साहेबांनी विचारलं, "हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" बाई शांतपणे म्हणाल्या, "करपलेली पोळी नसेल साहेब. प आहे." मी दारामागे हसू दाबत उभी होते. दिवाळीपर्यंत त्यांची मुलं दुकानांच्या पाट्या वाचायला लागत, आणि माझ्या तुकडीतली अजून काना-मात्रेत अडकलेली असत. हे त्या कसं करतात ते मला काही केल्या उमगत नव्हतं.

मी तेव्हा नवीन होते. जन्म पुण्यातला, त्यामुळे शुद्ध बोलण्याची घमेंड उपजत. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन आठवडे त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. एके दिवशी बातमीची पाळी दिव्याची होती. तिचे आईवडील त्याच वर्षी यवतमाळहून आलेले. वडील हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. दिव्या उभी राहिली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आमच्या घरी बाळ येऊन राहिलं."

मी थाटात फळ्यावर लिहिलं, 'दिव्याच्या घरी बाळ आले आहे.' वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"आलं नाही ताई, येऊन राहिलं."

"अगं, येऊन राहिलं म्हणजे आलंच ना? की जिन्यात थांबलंय?"

वर्ग खो खो हसला. माझा विनोद मलाही आवडला. दिव्या खाली बसली. त्यानंतर ती वर्गात बोलेचना. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

बाई काळा चष्मा लावून परतल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या ते लक्षात आलं. मी गंमत म्हणून सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"अहो ताई, व्याकरण तुमचं बरोबर होतं. बातमी तेवढी चुकीची छापलीत. त्यांच्याकडे 'येऊन राहिलं' म्हणजे 'येतंय'. बाळ व्हायचं होतं अजून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी दिव्याला एकदाही 'बोल' म्हटलं नाही. त्या रोज सकाळी स्वतःचीच बातमी सांगू लागल्या. कधी भाजी खारट झाली, कधी रिक्षा मिळाली नाही. आठवडाभराने त्या चष्म्याशिवाय वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "माझा काळा चष्मा सुटून राहिला."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सुटून नाही राहिला बाई. सुटला."

आवाज दिव्याचा होता. हजेरीपट द्यायला आलेली मी दारातच थांबले. बाईंनी मान वळवली तीसुद्धा हळूच. "असं का? मग सुटून राहिला कधी म्हणायचं?"

"सुटत असते तवा."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या आणि दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. ती चूक त्यांनी मुद्दाम केली का, हे मी पुढे विचारलं. "मला कुठे येते त्यांची भाषा? चुकणारच," एवढंच उत्तर मिळालं. मला ते आजही खरं वाटत नाही.

मग त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "वर्तमानपत्रात चुकलं की दुरुस्ती छापतात. छापा."

पस्तीस मुलांसमोर मी खडू हातात घेतला. मी लिहिलं, 'आमच्या घरी बाळ येऊन राहिलं.' म्हटलं, "त्या दिवशी दिव्याचं बरोबर होतं. माझं चुकलं."

दिव्या फळ्याजवळ आली. एकेका शब्दाखाली बोट ठेवत तिने पूर्ण वाक्य वाचलं आणि मान हलवली. "आता हे चूक आहे ताई. बाळ तं आलं. मंगळवारीच आलं. भाऊ आहे."

"अगं, मग सांगितलं नाहीस?"

"कोणाले सांगू?" ती म्हणाली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. बाईंकडून काय शिकलात, असं लोक विचारतात. वाचन कसं शिकवायचं ते शिकले, असं मी सांगते. खरं म्हणजे रोज सकाळी वर्गाच्या दारात क्षणभर माझे पाय अडखळतात. वाटतं, आज कोणाची तरी बातमी माझ्यामुळे सांगायची राहून जाईल.