वाकळीच्या गोटात लुंगी

वाकळीच्या काठाला गोट मारताना मी अंगावरची लुंगीच त्यात शिवून टाकली.

लेक बाळाला घेऊन गडहिंग्लजला सासरी निघाली होती. बाळासाठी बायकोनं आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ हातानं शिवली होती. काठाची पट्टी तेवढी राहिलेली. "मशीनवर आत्ता मारतो की," असं मीच फुशारकीनं म्हणालो. जाडजूड वाकळ मांडीवर घेतली आणि दणादण पाय मारले. शेवटच्या कोपऱ्यावर सुई रुतली, चाक हलेना. उठायला गेलो तर लुंगी जागेवरच राहायला लागली, म्हणून पुन्हा खाली बसलो.

तेवढ्यात सुनेला न्यायला व्याही आणि विहीणबाई दारात हजर. मी बसूनच हात जोडले.

बायको कात्री घेऊन धावली. लेक ओरडली, "आई, वाकळीला कात्री लावू नको!"

"मग लुंगी कापते," बायको म्हणाली.

"विहीणबाईंसमोर?" मी दोन्ही हातांनी लुंगी आवळून धरली.

विहीणबाईंनी वाकळ बघितली, मग मला बघितलं. "पावणं, वाकळ तेवढी सोडवून द्या. तुमास्नी न्यायला गाडीत जागा न्हाय."