तिसरं बोट

मैत्रिणींनो, आरोग्यसेविका म्हणून तोंडाच्या कॅन्सरच्या सर्वेक्षणासाठी आज इस्लापूरजवळच्या एका गावात होते. बाया टँकरची वाट बघत बसलेल्या, तिथंच तपासणी मांडली. तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, एवढंच बघायचं; तोंड तेवढं उघडलं नाही तर ती सुपारी-तंबाखूनं होणाऱ्या रोगाची खूण.

त्यातल्या गयाबाई लाजल्या. "आधी तुमी करून दावा की, मॅडम."

आजवर मी दुसऱ्यांचीच तोंडं बघत आले. हसत बोटं घातली. दोनच गेली.

"आजून एक ऱ्हायलं की!" सगळ्या हसल्या.

गावोगाव फिरताना तहान जाणवू नये म्हणून मी दिवसभर सुपारी चघळते.

घरी सांगितलं नाही. इथला नवा जिल्हा आणि त्याचं मोठं हॉस्पिटल होईल तेव्हा होईल, उद्या तपासून घ्यायला लांबचं नांदेडच गाठायचंय. वाचता वाचता तुम्हीही बोटं घालून बघा. तिसरं अडलं तर माझ्यासोबत चला. एकटीला लई भ्याव वाटून राहिलं.