चौथ्या अल्बममधले विराम

नागनाथ निपाणीकडचा. बेंगळुरूत हेब्बाळला एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यात त्याची उमर गेली. सगळे त्याला अण्णा म्हणत. माणूस भला, पण तोंडानं फटकळ. शंतनुच्या रॉक बँडचे पहिले तीन अल्बम त्यानंच केले, आणि दर वेळी ओरडला, "अरे, काय हा धिंगाणा! भुतंसुद्धा गाव सोडतील!"

चौथ्या अल्बमला मात्र पोरं पस्तिशीला टेकलेली. "अण्णा, आरडाओरडा पुरे झाला आता," शंतनु म्हणाला. हा मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इथं आलेला. नवी गाणी संथ होती, आणि ओळीओळींमध्ये लांबलचक विराम होते.

त्या विरामातच, भरदुपारी, नागनाथच्या हेडफोनमध्ये कुणी तरी बोललं, "अवं, ऐकलासा का?"

शिवलीला! त्याची बायको. गेल्या श्रावणात वारलेली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नाही, हाक ही अशीच. काचेपलीकडच्या पोरांना पत्ताच नव्हता; विराम संपला तशी ती पुढं वाजवू लागली.

त्या दिवसांत बेंगळुरूत दारोदारी खडूनं 'नाळे बा' लिहिलेलं असायचं. म्हणजे कानडीत उद्या ये. मेलेलं माणूस ओळखीच्या आवाजात हाक मारतं, ओ दिलीत की संपलात, पण 'उद्या ये' म्हटलं की त्या दिवसापुरतं परत जातं, असं जो तो सांगे. ओ द्यायला जीव तुटत होता हो नागनाथचा! पण लेक संध्या अजून शिकत होती, आपल्यामागं तिला कोण होतं? "नाळे बा, लीला," तो कसाबसा पुटपुटला.

बाई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. रोज आवाज जरा जवळून यायचा. हा रोज तिला उद्यावर ढकलायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच ओढीनं सगळ्यांच्या आधी कामावर हजर.

शेवटच्या गाण्याच्या दिवशी तो नवी टेप आणायला बाहेर गेला. परतला तर हेडफोन शंतनुच्या कानांवर.

"अण्णा, यात कुणी तरी बाई बोलतायत. 'अवं, ऐकलासा का' म्हणाल्या. मी म्हटलं, हो, बोला की."

नागनाथनं हेडफोन त्याच्या कानांवरून ओढून काढले. आता या पोराचं काही खरं नव्हतं. "मग?"

"मग काय? 'जेवलासा का' म्हणून विचारलं. म्हटलं, झालं की जेवण. तर म्हणाल्या, 'बरं झालं. जाते मग.'"

शंतनुला ना ताप आला, ना कुठं खरचटलं. अल्बम निघाला, त्यातल्या शांततेचं लोकांनी भारी कौतुक केलं. ती हाक मात्र परत आली नाही. एवढंच विचारायला बिचारी रोज येत होती, आणि नागनाथनं तिला दारातनं परत पाठवलं.

पुढं कितीतरी दिवस स्टुडिओ रिकामा झाला की नागनाथ कोरी टेप लावून बसायचा. आधी मोठ्यानं ओ द्यायचा. मग थोडं थांबून, चिडून म्हणायचा, "त्याचं झालं असंल जेवण. माझं कुठं झालंय?"