राघूच्या पोटातली गाठ

"इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा," अकोल्याच्या डॉक्टर मॅडमनी कागदावरचं वाचलं आणि लगेच मराठीत सांगितलं, "म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरलेला छातीचा कॅन्सर." माझी धाकटी जाऊ मंदा शेजारच्या खुर्चीत पदर मांडीवर गोळा करून बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, "गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?"

"अखाजीले," मंदा म्हणाली. "बाईले सांगतलं होतं मी."

बाई म्हणजे मी. ती मला बाईच म्हणते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार महिने झाले होते, पोळाही होऊन गेला होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मंदाच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त तारीख सांगत होती. मी मात्र आतून चिडले. म्हटलं, ही बया खोटं काहून बोलून राह्यली? माझं तोंड फटकळ आहे, पण दुसऱ्याच्या दुखण्याला मी धावून जाते, अशी माझी माझ्याबद्दल समजूत होती.

आम्ही शेलूबाजारचे. दोघा भावांच्या दोन चुली, अंगण एक. दुपारी त्या अंगणात कडुलिंबाखाली बसून आम्ही दोघी क्रोशाचं काम करतो. लोकरीचे राघू करतो, किल्लीला लावायचे. हिरवं अंग, लाल चोच, काळ्या मण्यांचे डोळे, पोटात कापूस, डोक्यावर तुरा आणि लोखंडी कडी. अंगठ्याएवढा जीव, पण करायला अख्खी दुपार जाते. स्टँडवरचा दुकानदार ते विकायला ठेवतो. जीपवाल्यांच्या किल्ल्यांना आमचेच राघू असतात. सुई मी लग्नाआधीपासून धरते. मंदाला मीच शिकवलं.

परतीच्या बसमध्ये तिची पिशवी माझ्या मांडीवर होती. पिशवीच्या चेनला तिनंच केलेला एक राघू लटकत होता. मी उगाच तो चिमटीत दाबत बसले. पोटात कापसाच्या आत काहीतरी टणक लागलं. लोकरीची गाठ होती. बोटांना ती कळली आणि अखाजीच्या दुसऱ्या दिवशीची दुपार लख्ख आठवली.

दुकानदारानं त्या आठवड्यात एकदम पन्नास राघू सांगितले होते. माझी मान सुईवर. मंदा म्हणाली, "बाई, मले इथं गाठ लागून राह्यली."

मी वर न पाहता म्हटलं, "लागली तं लागू दे. आतमंधी ढकल अन् वरून कापूस भर. कोणाले दिसत नाही."

"काई होत नाही ना?"

"काय होते? इतकी वर्षं ढकलूनच राह्यली ना मी. कोणता राघू मेला?"

मंदा हसली. मीही हसले. पुढं काय बोललो ते आठवत नाही. पण एक नक्की, तिचा हात लोकरीवर होता की छातीवर, हे मी पाहिलं नाही. मान वर केली असती तर दिसलं असतं. एवढंच करायचं होतं मला, आणि तेवढंही मी केलं नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांच्यासाठी तपासण्या सांगते, म्हणजे नुसत्या नावांनी घाबरायला होणार नाही. आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. दोन पाट्यांत दाबतात, दुखतं, पण लवकर आटोपतं. मग बायोप्सी, म्हणजे गाठीतला बारीक तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवणं. त्या सुईकडे पाहून मंदा नर्सला म्हणाली होती, "तुमच्या सुईपेक्षा आमची बरी, तिले आकडा तरी असते." नर्सला हसू आलं. मग अहवालाची वाट पाहणं. त्याला काही नाव नाही, पण सगळ्यात जड तेच जातं.

गाठ काखेपर्यंत गेली होती. म्हणून मॅडमनी सांगितलं, आधी किमो, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध. गाठ बारीक झाली की ऑपरेशन. मी हिंमत करून विचारलं, "अखाजीलाच आलो असतो तर?"

"तर कदाचित काखेपर्यंत गेलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "नक्की नाही सांगता येत. पण गाठ दुखत नाही म्हणजे ती चांगली, असं समजून थांबायचं नसतं."

त्या "कदाचित"ला धरून मी किती दिवस काढले, ते माझं मला माहीत. घरात कोणाला काही सांगितलं नाही. मंदाच्या नवऱ्याला, भाऊजींना, डबा बांधून देत होते, तिच्या पोरीची वेणी घालत होते. सगळे म्हणायचे, जाऊ असावी तर अशी. ते ऐकलं की मी उठून भांडी घासायला लागायचे.

दर एकवीस दिवसांनी अकोला. बाकावर बसून मंदा राघू करायची. दुसऱ्या किमोनंतर केस गेले. तिनं एक राघू तुर्‍याशिवाय केला आणि म्हणाली, "हा माह्यासारखा." तिसऱ्या वेळी तिची बोटं बधिर झाली. न्यूरोपथी म्हणतात त्याला, औषधानं बोटांच्या टोकाच्या नसा झोपतात. सुई तिच्या हातून सारखी निसटायला लागली. टाका कुठला आणि बोट कुठलं, तिला कळेना. तिनं ते काम माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुमीच पुरा करा."

अर्धा राघू होता, पोट उघडं. माझ्याच्यानं तो पुरा होईना. तिथंच बाकावर मी बोलून टाकलं. "मंदा, अखाजीले तू तुह्या गाठीचं सांगून राह्यली होती. मले वाटलं लोकरीचं."

ती नंबरच्या पाटीकडे पाहत म्हणाली, "मले समजलं होतं बाई. तुमी राघूचंच बोलून राह्यल्या होत्या."

"मंग दुसऱ्यांदा काहून नाही सांगतलं?"

"तुमी म्हटलं काई होत नाही. मले तेच आयकाचं होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दुसऱ्यांदा इचारलं असतं तं तुमी पाह्यलं असतं. पाह्यलं असतं तं दवाखाना आला असता."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती भ्याली होती, म्हणून तिनं माझ्या चुकीचा आडोसा घेतला. पण आडोसा मीच उभा केला होता. मी मोठी म्हणून ती मला विचारायला आली आणि मी तिला राघूचा उपाय सांगितला. हे माझ्याकडून कधी फिटणार नाही, आणि ते फिटावं असं आता मी म्हणतही नाही.

ऑपरेशन संक्रांतीच्या आधी झालं. उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. आता उजव्या हातावर सूज येते, लिम्फेडीमा म्हणतात. काखेतून पाणी वर जायची वाट बंद झाली की ते हातात साचतं. जड उचलायचं नाही, टोचून घ्यायचं नाही. तपासणीला जातो, तेव्हा मॅडम म्हणतात, "सध्या ठीक आहे." सध्या हा शब्द आम्ही दोघी जपून घरी आणतो.

गावातल्या आशाताईचे, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीचे, उपकार मोठे. अकोल्याला जायच्या आधी तीच तपासणीचा कागद घेऊन दारात आली आणि मंदाकडे सरळ पाहून तिनं विचारलं, "छातीत गाठ-बिठ हाय का?" मंदानं मानेनंच हो म्हटलं. वाशीमपासून अकोल्यापर्यंतचा सगळा रस्ता त्या एका प्रश्नानं उघडला. जो प्रश्न एका अंगणात बसून मला सुचला नाही, तो तिनं उंबऱ्यात उभ्या-उभ्या विचारला. बायांनो, आपल्याकडे कोणी काही सांगायला आलं तर हातातलं काम खाली ठेवा. ते काम कुठं पळून जात नाही.

आता राघू मी करते आणि मंदा डाव्या हातानं कापूस भरते. पिशवीचा तो राघू मी मागून घेतला. माझ्या घराच्या किल्लीला असतो. कुलूप लावताना गाठ बोटाला लागते.

परवा शेजारची नवी सून शिकायला आली होती. खाली मान घालून बसली होती. एकदम म्हणाली, "काकू, गाठ लागली व."

मी सुई खाली ठेवली. "कुठं?"

"कुठं म्हंजे?" पोरगी गोंधळली. "लोकरीत."

मंदा हसली. मी उठून त्या पोरीजवळ गेले, लोकर हातात घेतली आणि उजेडात धरून पाहिली. गाठ लोकरीतच होती.